उजेडाची वाटणी

कंदिलाच्या दोन्ही अंगांनी वर जाणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांच्या सावल्या समोरासमोरच्या भिंतींवर काळ्या पट्ट्यांसारख्या उभ्या राहतात, ही गोष्ट ज्याने कंदिलाशी बसून अभ्यास केला आहे त्याला सांगावी लागत नाही, आणि ज्याने केला नाही त्याला ती सांगून पटत नाही. आमच्या घरी दिवेलागणीपूर्वी काच राखेने घासून मग मऊ फडक्याने पुसली जाई, वातीचे जळके कोपरे कात्रीने उतरवले जात (कारण एक कोपरा जरी वर राहिला, तरी ज्योतीला शेपूट फुटून काचेची तेवढीच बाजू काजळून जाई), आणि मग कंदील ओसरीच्या मधोमध ठेवून आम्ही भावंडे त्याच्याभोवती कडे करून बसत असू. जागेवरून तंटा रोजचाच असे. नळीसमोर बसणाऱ्याच्या वहीवर सावलीचा पट्टा पडे. तो चुकवण्यासाठी फार पुढे सरकावे, तर टाकीची सावली मांडीवर येई. अखेर वडील येत, कंदील मूठभर फिरवून ठेवत आणि एकाचा अंधार दुसऱ्याच्या पदरात घालून निघून जात. ‘दिव्याखाली अंधार’ हा आम्हांला कधी उपदेश वाटलाच नाही. ती आमच्या ओसरीची मोजणी होती.

दीपविद्येचा इतिहास लिहिणारे बहुधा उजेडाच्या आवकीचाच हिशेब मांडतात: तेलानंतर वायू, वायूनंतर वीज, आणि प्रत्येक पायरीवर तेज किती पटींनी वाढले याचा ताळेबंद. परंतु आलेल्या उजेडाची वाटणी कशी करावी, हा प्रश्न आवकीच्या प्रश्नाइतकाच जुना असून माझ्या मते त्याहून अधिक बिकट आहे. आणि दर वेळी नवा, अधिक प्रखर दिवा हाती आला की जुनी वाटणी मोडून सगळा बंदोबस्त पुन्हा पहिल्यापासून करावा लागला आहे. आपल्या समईने तो आपल्यापरीने केलाच होता. पाच वाती पाच दिशांना तोंड करून लावल्या की देव्हाऱ्याच्या कोणत्याही बाजूला बसणाऱ्याला सारखाच प्रसाद मिळतो, आणि उंच खांबामुळे थाळीखालची सावली जमिनीवर पसरून फिकी होते.

जिनीव्ह्याचा आमी आर्गां याने अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात पोकळ नळीसारखी गोल वात बसवून तिला आतून आणि बाहेरून वारा दिला आणि वर काचेची चिमणी चढवली (इंग्लंडातले त्याचे पेटंट 1784 सालचे), तेव्हा एका दिव्यातून कित्येक मेणबत्त्यांचे तेज निघू लागले. पण त्या काळचे घट्ट तेल वातीतून आपण होऊन फार वर चढत नसे, म्हणून तेलाचे भांडे वातीहून उंच आणि एका बाजूला टांगावे लागे; परिणामी टेबलाच्या एका अंगाला दिवस आणि दुसऱ्या अंगाला रात्र, अशी स्थिती झाली. कार्सेल या पॅरिसच्या घड्याळजीने 1800 साली दिव्याच्या बुडात किल्लीचा पंप बसवून तेल खालून वर चढवले. उपाय नामी होता. पण घड्याळ बिघडले की घड्याळजी लागतो, आणि आता दिवा बिघडला तरी घड्याळजीच लागू लागला. आर्गांच्या धंद्याचा वारस बोर्दिए-मार्से याने भांडेच वातीभोवती कड्यासारखे वळवले, आणि 1820च्या सुमारास त्या कड्याचा छेद पाचरीसारखा निमुळता करून वर दुधी काचेचा गोळा बसवलेला जो दिवा पॅरिसमध्ये निघाला, त्याचे नावच लॅटिन भाषेत ‘सावलीविना’ अशा अर्थाचे होते: सिनंब्रा. कड्याच्या अलीकडून आणि पलीकडून येणारे किरण टेबलावर एकमेकांत मिसळत आणि सावलीला उभे राहायला जागाच उरत नसे. सावली नाही हाच ज्याच्या नावाचा डौल, असा दिवा मला दुसरा ठाऊक नाही.

या सगळ्या खटपटीमागचे गणित गणितज्ञ योहान लांबर्ट याने 1760 सालीच लिहून ठेवले होते. पृष्ठभागावर किरण जितका तिरपा पडेल तितका तो अधिक जागेवर पसरून क्षीण होतो. अंतर वाढले की वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. आणि प्रकाश देणारे पृष्ठ सपाट व निस्तेज पोताचे असेल, तर ते समोर सर्वांत जास्त आणि कडेला कमी देते. हे सर्व घटक गुणले असता निष्पन्न होते ते असे, की अशा सपाट दिव्याच्या थेट खाली रुपयाभर उजेड पडत असेल, तर दिव्याच्या उंचीइतके दूर गेल्यावर चार आणे उरतात, आणि उंचीच्या पावणेदोन पट दूर गेल्यावर एकच आणा हाती लागतो. जमिनीवर सर्वत्र सारखा उजेड पाडायचा, तर दिव्याने त्या दूरच्या बिंदूकडे आपल्या पायाशी देतो त्याच्या आठपट तीव्रतेने प्रकाश फेकला पाहिजे. समान वाटणीसाठी देणाऱ्याने असमान द्यावे लागते, ही त्या गणितातली गंमत.

मुंबईच्या रस्त्यांवर 1865 साली वायूचे दिवे लागले, 1882 साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचा लखलखाट झाला. आवक वाढतच होती. तिकडे 1893 साली आंद्रे ब्लाँदेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने स्पिरिदियॉं प्सारूदाकी या ग्रीक सहकाऱ्याच्या साह्याने काचेची अशी छत्री काढली, की तिच्या आतल्या अंगाच्या उभ्या पन्हळी उजेडाला आडवा पसरवीत आणि बाहेरच्या अंगाचे आडवे लोलक आकाशात वाया जाणारा किरण वाकवून खाली आणीत. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1823 साली कोर्दुआंच्या दीपगृहात अशाच लोलकांच्या कड्यांनी उजेड एका पट्ट्यात गोळा केला होता. ब्लाँदेलने तीच विद्या पसरण्यासाठी उलटी चालवली. या काचेला होलोफेन हे नाव पडले. दुधी काच डोळ्यांना सुख देते, पण त्या सुखाचा कर म्हणून उजेडाचा बराच हिस्सा पोटात ठेवून घेते; लोलकाची काच मात्र उजेड फारसा गिळत नाही, फक्त त्याची वाट बदलते. ज्याला दिवाबत्तीच्या खर्चाची काळजी आहे त्याने दुसरी निवडावी, हे मत मी आजही बदलणार नाही.

विजेच्या गोळ्यातली टंगस्टनची तार डोळ्यांत खुपू लागली, तेव्हा काच खरबरीत करण्याची युक्ती निघाली. बाहेरून खरबरीत केलेला गोळा धूळ धरी, आणि आतून आम्लाने खरबरीत केला, तर काचेत टोकदार खाचा पडून तो हलक्या धक्क्याने फुटे. जनरल इलेक्ट्रिकच्या मार्विन पिपकिनने 1925 साली दुसऱ्यांदा सौम्य आम्ल वापरून त्या खाचांची टोके गोलावली, आणि आमच्या पिढीने ज्याला ‘दुधी बल्ब’ म्हटले तो घराघरांत पोहोचला.

आपल्याकडे याच काळात काचेचा प्रश्न स्वदेशीचा प्रश्न होता. प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करण्याच्या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने 1908 साली तळेगावास काचकारखाना काढला, आणि 1916 साली औंध संस्थानाच्या हद्दीत, कऱ्हाडनजीक, ओगले बंधूंचा कारखाना उभा राहून ओगलेवाडी वसली. तिथला ‘प्रभाकर’ कंदील परदेशी कंदिलांच्या तोडीचा ठरला. आमच्या ओसरीवरचा कंदीलही ‘प्रभाकर’च, नळ्यांच्या सावल्या मात्र स्वदेशी झाल्या म्हणून पुसट झाल्या नव्हत्या. लग्नात किंवा तमाशाच्या फडात गॅसबत्ती आली तरी तिच्या टाकीखालचे काळे वर्तुळ कायम असे, आणि अनुभवी मंडळी त्या वर्तुळात पंगत मांडीत नसत.

एलईडीने ही जुनी भांडणे नव्याने उकरून काढली. निक होलोनियाकने 1962 साली दिसणाऱ्या तांबड्या उजेडाचा एलईडी कण पेटवला. जपानी संशोधक नाकामुरा यांचा तेजस्वी निळा 1993 सालचा, आणि त्यावर पिवळ्या स्फुरद्रव्याचा लेप देऊन पांढरा उजेड त्यानंतर लवकरच बाजारात आला. निळ्या कणासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 सालचे नोबेल मिळाले. हा कण तांदळाच्या दाण्याहूनही लहान, सपाट आणि पाठीकडे मुळीच उजेड न देणारा. म्हणजे लांबर्टच्या गणितातले निस्तेज पृष्ठ जणू कागदावरून उतरून हाती आले. त्याच्या कडेने बाहेर पडणारा किरण लेपातून अधिक लांब वाट चालतो, म्हणून स्वस्त दिव्याखाली भिंतीवर पिवळसर कडे उमटते. छतातून टांगलेल्या पहिल्या एलईडी बल्बांनी फरशी उजळली आणि छत काळे ठेवले. पट्टीवरचे दाणे आणि दुधी झाकण यांतले अंतर दाण्यांमधल्या अंतराहून कमी पडले, की झाकणावर देवीच्या व्रणांसारखे ठिपके दिसतात. दिवाळीच्या आकाशकंदिलात जिलेटिनमागे एलईडीची माळ सोडणाऱ्याने ते पाहिलेच असतील, आणि पतंगाचा कागद लावणाऱ्याने ते बरेचसे लपवलेही असतील. रस्त्याच्या दिव्यांत आता प्रत्येक कणावर पारदर्शक ॲक्रिलिकचे भिंग बसते. त्याच्या माथ्यावर मधोमध खळगा असतो. तो पायाशी पडणारा उजेड कापून दोन बाजूंना फेकतो, आणि त्याचा आलेख कागदावर काढला तर पंख पसरलेल्या वटवाघळासारखा दिसतो.

मागच्या महिन्यात छतातला एक चौकोनी सपाट दिवा बिघडला, तो मी टेबलावर उघडला. वरचे दुधी पान उचलल्यावर आत बोटभरही जाड नसलेले ॲक्रिलिकचे ताट निघाले; दाणे फक्त दोन कडांना, आणि ताटाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचे शेकडो ठिपके छापलेले. कडेशी ते मोहरीहून बारीक आणि विरळ होते, मध्याकडे जाता जाता मोठे आणि दाट होत गेले होते. उजेड ताटाच्या आत आपटत, परतत पुढे जातो, आणि ठिपका लागला की तेवढा बाहेर सांडतो. उगमाशी तो मुबलक असल्याने तिथे फार सांडू द्यायचा नाही, आणि मध्यापर्यंत थोडाच उरत असल्याने तिथे दारे मोठी ठेवायची. खानदेशात पांझरा नदीच्या फडांवर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या शेतपट्ट्यांवर, पाटकरी पाण्याचे असेच करतो: तोंडाशी बारा (पाणी सोडण्याचे दार) अडवून धरतो, शेपटाकडचा पुरा उघडतो. मी ताटाची एक कड खिडकीशी धरली, तेव्हा दिवा बंद असूनही ते सगळे उजळले, आणि धुरकट प्रकाशाचा चौकोन शेजारी बसलेल्या नातवाच्या वहीवर पडला. त्याने वही न हलवता लिहिणे चालू ठेवले.