मधल्या मातीचा वाद

१ एप्रिल १९९८. कोचीच्या कलूर भागातल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवरचा पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना. अजय जडेजाने शतक ठोकलं, भारताने ३०९ धावा केल्या आणि मग बेव्हन, स्टीव्ह वॉ यांच्यासकट पाच ऑस्ट्रेलियन फलंदाज सचिनच्या फिरकीत अडकले. ३२ धावांत ५ बळी. सात वर्षांनी, २ एप्रिल २००५ रोजी, याच मैदानावर त्याने पाकिस्तानचेही पाच गडी बाद केले. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत एकदिवसीय सामन्यात पाच बळी त्याने दोनदाच घेतले आणि दोन्ही वेळा कोचीतच.

त्याच सचिनने मार्च २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की क्रिकेट तिरुवनंतपुरमला घ्या, कोची फुटबॉलला राहू द्या.

तेव्हा तो केरळ ब्लास्टर्स या फुटबॉल संघाचा सहमालक होता, त्यामुळे ‘स्वतःच्या संघाची बाजू घेतो’ असं म्हणणारे आमच्याकडेही निघाले. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा हे आमचे फुटबॉल संघ भिडतात तेव्हा अख्ख्या पेठेचा जीव कसा टांगणीला लागतो, ते लहानपणापासून पाहत आलोय. मला सचिनचं म्हणणं तेव्हाही पटलं, आजही पटतं. पण कोचीतल्या भांडणात क्रिकेटवाल्यांना सरसकट खलनायक ठरवणं मात्र मला मान्य नाही.

केरळात फुटबॉल मुळात किती खोल रुजलाय, ते १९७३ च्या संतोष ट्रॉफीवरून कळतं. कोचीतच झालेल्या अंतिम सामन्यात कर्णधार मणीने तीन गोल केले, रेल्वेला ३-२ असं हरवलं आणि केरळने पहिल्यांदा हा चषक उचलला. १९९६ मध्ये ग्रेटर कोचीन विकास प्राधिकरणाने कलूरचं स्टेडियम उभं केलं, तेही अशाच गर्दीच्या भरवशावर. १९९७ चा नेहरू चषक तिथे झाला. त्याच वर्षी एफसी कोचीन या नव्या व्यावसायिक संघाने ड्युरँड चषक जिंकला. मग काही वर्षांतच तो संघ पैशाअभावी बंद पडला आणि एवढं अवाढव्य स्टेडियम ओस पडायला लागलं. ही पोकळी केरळ क्रिकेट असोसिएशनने भरली. प्राधिकरणाशी करार केला, पैसा ओतला, मोठे सामने आणले. फुटबॉल संघटनेकडे तेव्हा ना पैसा होता, ना तारखा भरतील एवढे सामने.

खरी ठिणगी २०१४ मध्ये पडली. ८ ऑक्टोबरला भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय सामना झाला आणि पुढच्याच महिन्यात इंडियन सुपर लीगचे सामने घेऊन ब्लास्टर्स त्याच मैदानात उतरले. पिवळे शर्ट घालून हजारोंनी लोक येऊ लागले. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने कोचीला मिळाले, ब्राझील-स्पेन इथे खेळले. त्यासाठी मैदानाचं गवत नव्याने लावलं गेलं. प्रेक्षक-गॅलरीखाली भाड्याने दिलेली दुकानं स्पर्धेपुरती रिकामी करावी लागली, दुकानदार उच्च न्यायालयात गेले. हे सगळं करून मिळवलेलं गवत, आणि सहा महिने होतात न होतात तोच क्रिकेट संघटनेने नोव्हेंबर २०१८ चा वेस्ट इंडिजविरुद्धचा सामना कोचीत घ्यायचं ठरवलं.

इथे मैदानाच्या पोटात काय असतं ते समजून घ्यायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे हिरवं गवतच दिसतं. क्रिकेटची खेळपट्टी चिकणमातीची. पाणी द्यायचं, रोलर फिरवायचा, सुकू द्यायची, पुन्हा रोलर. असं दिवसेंदिवस करून ती दगडासारखी टणक झाली की चेंडू उसळतो. गवत कापून जवळपास जमिनीला टेकवायचं. खेळपट्टी लांबीला बावीस यार्ड, पण शेजारीशेजारी अशा अनेक पट्ट्या असतात, म्हणजे मैदानाच्या मध्यभागी मोठा चौकोनच टणक होतो. फुटबॉलला नेमकं उलटं हवं. खाली वाळूचा थर, पाणी क्षणात निचरून जावं, वर सगळीकडे सारखं गवत, पाय रुतेल पण घसरणार नाही इतकी मऊ जमीन. आणि फुटबॉलचं मध्यवर्तुळ येतं ते बरोबर त्या चौकोनावर! तिथे घसरत टॅकल करणाऱ्या पोराचं ढोपर सोलून निघतं, चेंडू भलतीकडे उसळतो. शिवाय चिकणमाती काढून पुन्हा गवत धरायला महिने लागतात आणि फुटबॉलचा हंगाम तेवढा थांबत नाही. तडजोड करायची म्हटली तरी एकाचं काम करताना दुसऱ्याचं मोडत नाही, असं होतच नाही.

ऑस्ट्रेलियाने यावर एक तोड काढली. तिथल्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने मेलबर्नच्या क्रिकेट क्लबच्या मैदानावर किती अवलंबून राहायचं, म्हणून १९७० मध्ये स्वतःचं व्हीएफएल पार्क सुरू केलं. १९७७ मध्ये केरी पॅकरच्या बंडखोर क्रिकेटला प्रस्थापित क्रिकेट मैदानांची दारं बंद झाली, तेव्हा फुटबॉलच्या याच मैदानाने त्याला आसरा दिला. खेळपट्टी बाहेर तयार करून मैदानात आणून बसवली गेली. पण ते काम खर्चाचं आणि निगुतीचं आहे.

कोचीत तेवढा धीर कुणाला नव्हता. सी. के. विनीतसारखे फुटबॉलपटू बोलले, शशी थरूर बोलले, सचिन बोलला. राज्य सरकार मध्ये पडलं आणि सामना तिरुवनंतपुरमच्या ग्रीनफील्ड स्टेडियमला गेला. १ नोव्हेंबर २०१८, केरळचा स्थापना दिन. वेस्ट इंडिजचा डाव १०४ धावांत आटोपला, भारत नऊ गड्यांनी जिंकला.

आता याची दुसरी बाजू. ३ जानेवारी २०१६ रोजी याच ग्रीनफील्डवर भारताने अफगाणिस्तानला हरवून सॅफ फुटबॉल चषक जिंकला होता. म्हणजे कोची वाचवताना राजधानीतलं एक चांगलं फुटबॉल मैदान क्रिकेटकडे गेलं. त्याबद्दल कुणी फारसा आवाज काढला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मुंबईकरांना हे सगळं ओळखीचं वाटेल. वानखेडे स्टेडियम कशामुळे उभं राहिलं? ब्रेबॉर्नचे मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि तिथे सामने भरवणारी मुंबई क्रिकेट असोसिएशन, यांचं तिकिटांच्या वाटपावरून फाटलं म्हणून. शेषराव वानखेड्यांनी स्वतःचं मैदान बांधून दाखवलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. दोन्ही संस्था क्रिकेटच्याच, तरी एका मैदानावर नांदू शकल्या नाहीत. मग फुटबॉल आणि क्रिकेटच्या संघटना नांदाव्यात ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

माझा राग आहे तो मालकावर. कोचीत प्राधिकरणाने एकाच जमिनीची आशा दोन भाडेकरूंना लावली आणि भांडण पेटल्यावर दोघांना एकमेकांच्या अंगावर सोडलं. ही सवय अजून सुटलेली नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी त्याच मैदानात सुमारे १२ हजार नर्तकींचा विक्रमी कार्यक्रम झाला, ऐन फुटबॉल हंगामात. तिथे तर क्रिकेटचा काही संबंधही नव्हता.

कोल्हापुरात शाहू स्टेडियम फुटबॉलचं आणि शिवाजी स्टेडियम क्रिकेटचं, ही वाटणी जुनी आहे. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या त्या विश्वचषकात भारतासाठी खेळला. महाराष्ट्रात आता गावोगावी ‘बहुउद्देशीय क्रीडासंकुलं’ उभी राहतायत. तुमच्या गावात असं संकुल मंजूर झालं तर उद्घाटनाची वाट पाहू नका. नकाशा मागवा आणि मैदानाच्या मध्यभागी चिकणमाती पडणार आहे की वाळू, हे बांधकाम सुरू होण्याआधी लेखी विचारा.