जीर्णोद्धार आणि पुरावा : एका ब्रिटिश मोटारसायकलीच्या निमित्ताने

जुन्या मोटारसायकली घरच्या घरी उकलून पुन्हा चालत्या करण्याचा छंद दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात चांगलाच रुजला. इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या छंदाकडे निव्वळ विरंगुळा म्हणून पाहणे उचित होणार नाही. जीर्ण वस्तू पूर्ववत करावयाची म्हणजे तिच्या कोणत्या काळातील रूपाला ‘पूर्व’ मानावयाचे, आणि तसे करताना तिच्या अंगी असलेला पुरावा टिकतो की पुसला जातो, हे प्रश्न ऐतिहासिक पद्धतीच्या मुळाशी आहेत. बी. एस. ए. कंपनीच्या एम-२० ह्या मोटारसायकलीच्या आधारे त्यांचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘व्हिंटेज’ ह्या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘विन्डेमिआ’, म्हणजे द्राक्षांची तोडणी, ह्या शब्दात आहे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, एका विशिष्ट वर्षाच्या मद्याला लागला आणि पुढे जुन्या यंत्रांना. शब्दाच्या पोटी काळाची कल्पना आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या ‘व्हिंटेज मोटारसायकल क्लबा’ने प्रारंभी १९३१ पूर्वीच्या यंत्रांनाच प्रवेश दिला. पुढे ही मर्यादा सैल होऊन पंचवीस वर्षांहून जुनी यंत्रे पात्र ठरली. अर्थात काटेकोर अर्थाने एम-२० ‘व्हिंटेज’ नव्हे. व्यवहारात मात्र ती तशी म्हटली जाते.

बी. एस. ए. ही बर्मिंगहॅमची कंपनी १८६१ साली बंदुका करण्यासाठी निघाली. तिची पहिली मोटारसायकल १९१० सालची. व्हॅल पेज ह्या अभियंत्याने आखलेली एम-२० ही १९३७ च्या श्रेणीत आली. तिच्या एंजिनात एकच सिलिंडर, क्षमता ४९६ घन सेंटिमीटर, झडपा बाजूला आणि शक्ती सुमारे तेरा अश्वशक्ती. वेगाच्या दृष्टीने ती मंदच होती. तथापि तिची रचना साधी आणि दणकट असल्याने युद्धकाळात ह्या जातीची सुमारे सव्वा लाख यंत्रे सैन्यासाठी तयार झाली. नोव्हेंबर १९४० मधील बाँबवर्षावात स्मॉल हीथ येथील कारखान्यातील पन्नासांहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, तरी उत्पादन चालूच राहिले. युद्ध संपल्यावर शिल्लक यंत्रे नागरिकांना विकण्यात आली. १९५५ पर्यंत एम-२० बनत होती. पुढे १९७३ साली खुद्द कंपनीच ‘नॉर्टन-व्हिलियर्स-ट्रायम्फ’ ह्या संस्थेत विलीन झाली. कारखान्याचा आधार सुटल्यावर सुट्या भागांचे व माहितीचे जतन हौशी मालकांकडे आणि त्यांच्या मंडळांकडे आले. घरगुती पुनर्घडणीला हे ऐतिहासिक कारण आहे.

हे काम करणाऱ्याला प्रथम आट्यांचे व्याकरण शिकावे लागते. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली पंचावन्न अंशांच्या कोनाची प्रमाणित आटेपद्धती मांडली. सायकलींसाठी १९०३ साली निराळी पद्धती ठरली. तिचा कोन साठ अंशांचा आणि बहुधा इंचाला सव्वीस आटे. ब्रिटिश पान्यावरचा आकडा हा पान्याच्या तोंडाची रुंदी दाखवीत नाही, तो बोल्टाचा व्यास सांगतो. म्हणून दशमान पान्यांनी ह्या यंत्राला हात घालणारा नटांचे कोपरे झिजवून बसतो. भाषाभ्यासकाला येथे एक साम्य सहज दिसेल. एखाद्या पोथीत उत्तरकालीन प्रत्यय आढळला तर ती ओळ मागाहून घुसडली असावी, असा तर्क आपण करतो. त्याचप्रमाणे ब्रिटन, अमेरिका व कॅनडा ह्यांनी १९४८ च्या अखेरीस मान्य केलेल्या ‘युनिफाइड’ पद्धतीचा बोल्ट युद्धकालीन यंत्रात सापडला, तर तो प्रक्षिप्त होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सैन्यातील एम-२० वर कालानुक्रमे हिरवट खाकी, तपकिरी आणि १९४४ नंतर ऑलिव्ह रंग चढले. पुढे नागरी मालकांनी त्यांवर काळा रंग दिला. टाकीचा पोपडा जपून घासला असता हे थर एकाखाली एक उघडे पडतात. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मलायाचे रबर ब्रिटनला दुर्मिळ झाले, आणि ह्या यंत्रांच्या हँडलांवर कॅनव्हासच्या मुठी आल्या. पाय टेकण्याच्या दांड्यांवरचे रबरही गेले. आज एखादा हौशी मालक ‘मूळ शोभा’ आणण्यासाठी अशा यंत्राला रबरी मुठी बसवतो, तेव्हा तो त्या यंत्रावरची मलायाच्या पराभवाची नोंद खोडून टाकतो. एंजिन आणि सांगाडा ह्यांचे क्रमांक जुळत नसले की बाजारात यंत्राची किंमत उतरते. वस्तुतः सैनिकी कर्मशाळांत एंजिनांची अदलाबदल नित्याची होती. न जुळणारा क्रमांक हा त्या सेवेचा दाखला आहे. तो घासून नवा ठोकणे म्हणजे बनावट दस्तऐवज करणे होय.

इंग्लंडात हा वाद इमारतींच्या बाबतीत पूर्वीच झाला होता. १८४९ साली रस्किनने जीर्णोद्धारालाच वास्तूचा विनाश ठरविले. १८७७ साली विल्यम मॉरिसने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि पुनर्घडणीऐवजी नित्य डागडुजीचा पुरस्कार केला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तर्काला जेथे आरंभ होतो तेथे पुनर्घडण थांबवावी, असे तत्त्व घालून दिले. उलटपक्षी आपल्याकडील जीर्णोद्धाराची कल्पना निराळी आहे. अहिल्याबाई होळकरांनी मंदिरे पुन्हा उभारली ती पूजा अखंड चालावी म्हणून. जुना दगड पुरावा म्हणून राखणे हा त्यांचा हेतू नव्हता. मोटारसायकल ह्या दोन कल्पनांच्या मध्ये उभी आहे. ती चालण्यासाठीच निर्माण झाली. झिजलेल्या पिस्टनकड्या आणि बेअरिंगे न बदलता ती चालणार नाही. न चालणाऱ्या यंत्राचा आवाज, कंप आणि हाताळणी ह्यांविषयीचे ज्ञानही लोप पावते. म्हणून मॉरिसचे तत्त्व येथे जसेच्या तसे लावता येत नाही.

मार्ग कोणता? आपल्या विद्वत्परंपरेत तो उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत डॉ. वि. सी. सुखटणकर ह्यांनी एक शिस्त घालून दिली. संपादकाने पाठ निवडावा; परंतु जेथे तो निःसंशय नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेषा द्यावी, आणि गाळलेले पाठ तळटीपांत जपावेत. निर्णय घेण्याचे टाळू नये आणि निर्णयाची खूणही लपवू नये, असे तिचे सार आहे. यंत्राच्या बाबतीत हीच शिस्त पाळता येईल : उकलण्यापूर्वी छायाचित्रे व टिपणे, रंगाच्या थरांचा एक तुकडा न घासता राखणे, काढलेले भाग चिठ्ठी लावून ठेवणे, नव्या भागावर वर्षाची बारीक खूण कोरणे, आणि कारखान्याच्या ज्या रवानगी-वह्या उपलब्ध आहेत त्यांच्याशी क्रमांक ताडून पाहणे.

ह्या शिस्तीला खर्च नाही, केवळ चिकाटी लागते. तिच्या अभावी चकचकीत झालेले यंत्र प्रेक्षणीय ठरेल, पण साक्ष देऊ शकणार नाही. पोथी असो वा यंत्र, आपल्या हस्तक्षेपाची खूण मागे ठेवणारा मनुष्यच पुढील अभ्यासकाला उपयोगी पडतो.