मँगनीजचा मणी

नागपूरच्या अमरावती मार्गावर वाडीच्या गॅरेजांत उन्हाळ्यात सर्वाधिक ऐकू येणारी फिर्याद म्हणजे "गाडी गरम होते". आणि तिची चौकशी इंजिनाच्या पाण्याचे तापमान मोजणाऱ्या ज्या पितळी टोपणातील सेन्सरपासून सुरू होते, त्याची वंशावळ, माझ्या मते, चुकीच्या घराण्यात नोंदली जाते.

मोटारींचे शौकीन त्याचा मूळपुरुष म्हणून 1910 च्या दशकात रेडिएटरच्या झाकणावर मिरवणाऱ्या बॉइसच्या मोटोमीटरकडे बोट दाखवतात. हा दावा मला मान्य नाही. कारण ते तापमापक पाण्याचा नव्हे, पाण्यावरच्या वाफेचा ताप दाखवी, आणि तोही केवळ चालकाच्या डोळ्यांना. आजच्या सेन्सरची वर्दी विद्युत्‌विरोधातील फरकाच्या रूपाने आधी संगणकाकडे जाते, आणि इंधन किती सोडावे, पंखा केव्हा फिरवावा, याचे हुकूम तेथून सुटतात.

खरा मूळपुरुष लंडनच्या प्रयोगशाळेत आहे. 1833 साली मायकेल फॅरडे यांनी सिल्व्हर सल्फाइड तापवले, तेव्हा धातूंच्या रीतीविरुद्ध, ताप चढला तसा त्याचा विद्युत्‌विरोध उतरत गेला. हे सिल्व्हर सल्फाइड म्हणजे आपल्या घरच्या पैंजणांवर धरणारा काळिमाच होय! पुढे सुमारे शतकभर, 1930 च्या सुमारास सॅम्युअल रूबेन यांनी या गुणाचे उपकरण घडवीपर्यंत, तो व्यवहारात फारसा उतरला नाही. माझा तर्क असा की, विरोधातील फरक वाचून त्यावर अंमल करणारे यंत्रच नसल्यामुळे त्याला गिऱ्हाईक नव्हते. 1940 च्या दशकात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने चांदी सोडून मँगनीज आणि निकेल यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण भाजून मणी केले, आणि 1967 साली बॉशच्या डी-जेट्रॉनिक इंधनप्रणालीने थंड इंजिन ओळखण्यास त्याच जातीचा सेन्सर नेमला. ज्या मँगनीजसाठी रामटेकच्या वाटेवरील मनसरची खाण गेले शतकभर खणली जात आहे, त्याच्याच ऑक्साइडावर वाडीतल्या गाडीचे तापमान मोजले जाते, हे कळल्यापासून मला या मण्याविषयी आपलेपणा वाटतो.

बॉशच्या एका प्रचलित सेन्सरात 20 अंशांवर अडीच हजार ओहम असलेला विरोध 80 अंशांवर सव्वातीनशेच्या घरात येतो. म्हणूनच मिस्त्री चालू इंजिनावर सेन्सरची पिन उपसतो, तेव्हा तुटलेल्या वाटेचा अपार विरोध संगणकाला उणे 40 अंशांच्या थंडीसारखा भासतो. वैशाखातल्या नागपुरात तशी थंडी असंभव जाणून संगणक सेन्सरच बिघडल्याचे ठरवतो, आणि पुष्कळ गाड्यांत इंजिनाच्या रक्षणार्थ पंखा लागलीच फिरू लागतो.