तीव्र पेल एल बिअरचे प्रकारभेद : एक ऐतिहासिक विवेचन

फिक्या रंगाच्या तीव्र एल बिअरमध्ये इंडिया पेल एल, डबल इंडिया पेल एल, बार्ली वाइन आणि बेल्जियन गोल्डन स्ट्राँग एल या प्रकारांचा प्रामुख्याने उल्लेख केला जातो. अमेरिकेतील बिअर परीक्षकांच्या संघटनेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार इंग्लिश इंडिया पेल एलमध्ये मद्यार्काचे प्रमाण 5 ते 7.5 टक्के, डबल इंडिया पेल एलमध्ये 7.5 ते 10 टक्के, तर बार्ली वाइनमध्ये 8 ते 12 टक्के असते. या मर्यादा एकमेकींत मिसळतात हे उघड आहे. त्यामुळे केवळ आकड्यांवरून या प्रकारांचे वेगळेपण उलगडत नाही. त्यासाठी पाणी, कर आणि व्यापार यांच्या इतिहासाकडे वळावे लागते.

'पेल' हे विशेषण मुळात सापेक्ष आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात दगडी कोळशापासून तयार केलेल्या कोकवर माल्ट वाळविण्याची पद्धत सुरू झाली. लाकडाच्या धुराचा वास आणि करपटपणा टळल्याने माल्ट फिके राहू लागले. या माल्टपासून जमीनदारांच्या वाड्यांवर ऑक्टोबर महिन्यात तीव्र व भरपूर हॉप्स घातलेली बिअर तयार होई आणि ती वर्ष-दोन वर्षे पिंपांत मुरविली जाई. इंडिया पेल एलची पूर्वज म्हणून या 'ऑक्टोबर बिअर'कडेच बोट दाखविता येते.

लंडनजवळील बो येथे 1752 मध्ये सुरू झालेली हॉजसन यांची भट्टी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे लागत त्या ब्लॅकवॉलपासून जवळ होती. जहाजांच्या कप्तानांना खाजगी व्यापाराची मुभा होती आणि हॉजसन त्यांना दीर्घ मुदतीची उधारी देत असत. त्यांच्या यशाचे खरे इंगित येथे आहे. दीर्घ प्रवासात बिअर टिकावी म्हणून हॉजसन यांनी मद्यार्क व हॉप्स वाढवून हा नवा प्रकार शोधून काढला, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा मात्र पुराव्यांवर टिकत नाही. उष्ण प्रदेशांत पाठवावयाच्या बिअरमध्ये जादा हॉप्स घालण्याचा सल्ला त्या काळी मद्यनिर्मात्यांना परिचित होता, आणि गडद रंगाची पोर्टरही भारतात मोठ्या प्रमाणावर सुखरूप पोहोचत होती. शिवाय एकोणिसाव्या शतकातील इंडिया पेल एलची तीव्रता साधारण 6 ते 7 टक्के, म्हणजे तत्कालीन मानाने बेताचीच होती. तिचे वैशिष्ट्य तीव्रतेत नसून कडवटपणात, आणि किण्वनानंतर साखरेचा अंश अत्यल्प उरण्यात होते.

हॉजसन यांच्या वारसदारांनी पुढे कप्तानांना बाजूला सारून भारतातील व्यापार स्वतःच्या हाती घेण्याचा प्रयत्न केला. परिणामी कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरिबँक्स यांनी 1822 च्या सुमारास बर्टन येथील सॅम्युएल ऑलसॉप यांना गाठले. रशियाने जकात वाढविल्याने बर्टनच्या गोड व तीव्र एलची तिकडील बाजारपेठ नेमकी याच वेळी बंद झाली होती. पहिला नमुना चहाच्या किटलीत तयार केल्याची आख्यायिका बाजूला ठेवली, तरी बर्टनच्या पाण्यातील जिप्समचे महत्त्व नाकारता येत नाही. या पाण्यामुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ व धारदार उतरतो. ऑलसॉप व त्यांच्यापाठोपाठ बास यांनी हॉजसन यांना लवकरच मागे टाकले. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव 1829 मध्ये सिडनीच्या वृत्तपत्रातील जाहिरातीत आढळते. नावात हिंदुस्थान असला, तरी त्यामागची दृष्टी विकणाऱ्याची होती.

बार्ली वाइनची वंशरेषा बर्टनच्या त्या जुन्या गोड एलपर्यंत जाते. बास यांच्या 'नंबर वन' या तांबूस-काळसर एलसाठी 'बार्ली वाइन' हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वापरात आले; तिला फिका रंग मिळाला तो 1951 मध्ये शेफिल्डच्या टेनंट बंधूंच्या 'गोल्ड लेबल'मुळे. बेल्जियन प्रकार याहून निराळा आहे. 1923 पासून तयार होणारी मूर्टगाट यांची ड्यूव्हेल 1970 मध्ये सोनेरी झाली. त्यात साखर घालतात, म्हणून 8.5 टक्के मद्यार्क असूनही ती हलकी लागते. स्वाद प्रामुख्याने यीस्टचा असतो.

ब्रिटनमध्ये 1880 नंतर माल्टऐवजी किण्वनापूर्वीच्या द्रवाच्या घनतेवर कर आला, आणि पहिल्या महायुद्धातील निर्बंधांनी बिअर आणखी पातळ केली. विसाव्या शतकात तेथे 'इंडिया पेल एल' या नावाने चार टक्क्यांच्या आसपासची साधी बिअरही विकली जाऊ लागली. तीव्रता परतली ती अमेरिकेत. कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथे 1994 मध्ये विनी सिलुर्झो यांनी आपल्या पहिल्याच बिअरसाठी हॉप्स दुप्पट व माल्ट सुमारे 30 टक्क्यांनी वाढविले. त्यांची उपकरणे जुनाट होती आणि त्यातून उद्भवणारे स्वाददोष झाकले जावेत, हा त्यामागील हेतू त्यांनी स्वतःच सांगितला आहे. डबल इंडिया पेल एलच्या प्रारंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. अमेरिकी बार्ली वाइनही हॉप्सच्या बाबतीत उदार असते. पण तिच्यात माल्टचा गोडवा व जडपणा राखला जातो आणि ती वर्षानुवर्षे मुरविता येते. डबल इंडिया पेल एल मात्र ताजीच प्यावी लागते, कारण हॉप्सचा सुगंध काही महिन्यांतच उडून जातो.