मल्ल घडवितो कोण आणि मागाहून पोसतो कोण



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली या शहरात जी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्यात कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे त्याने बोनस, महागाईभत्ता नाहीतर कंत्राटी पद्धत यांवर बोलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही आज पैलवानांवर बोलणार आहोत आणि थोडेसे बास्केटबॉलवरही. कोणी हसले तर आमची हरकत नाही. हा विषय आम्हाला युनियनच्या कचेरीत सापडला.

आमचा एक सभासद लेथवर काम करतो. त्याचा मुलगा इथल्याच एका कॉलेजात आहे. वय अठरा, उंची सहा फूट चार इंच. कॉलेजने त्याला बास्केटबॉलच्या संघात घेतले. घेतले म्हणजे काय, तर बास्केटखाली नेऊन उभे केले. "तू काही करू नकोस, फक्त हात वर करून उभा राहा," एवढेच शिक्षण त्याला दोन महिन्यांत मिळाले. तिसऱ्या महिन्यात गुडघा धरला. बाप रजेच्या अर्जाचे निमित्त करून आमच्यापुढे येऊन बसला आणि म्हणाला, "अण्णा, घरात रोज दोन लिटर दूध नुसतं त्याला लागतं. खायला घालायची आमची ना नाही. पण याच्यातून पुढं पोराचं काही होतं का, तेवढं सांगा."

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेत झाले आणि तेही अर्धवट. पण न आलेले उत्तर शोधत बसण्याची खोड आम्हाला आहे.

मोठ्या अंगाचा पोर हाताशी आल्यावर त्याचे काय करायचे, हे शास्त्र महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या पेठांतून हिंडा. चिंचेची तालीम, नगरकर तालीम, खालकर तालीम, शिवरामदादांची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम, ही नावे अजून पाट्यांवर दिसतात. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. जोतीराव फुले तेथे अंग कमवायला जात, ही गोष्ट पुणेकरांना सांगायला नको. या तालमींतून शिकवण्याची एक रीत होती. नवा पोर आला की वस्ताद त्याला डाव शिकवीत नसे. आधी फावडे हातात देई. हौदा उकरायचा, माती वरखाली करायची, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू मुरवायचे. मग जोर, मग बैठका, मग दोर चढणे. महिनोन् महिने हेच. अंगाने थोराड असलेल्या पोराला तर अधिकच, कारण वस्तादाला पक्के ठाऊक असे की मोठे हाड लवकर वाढते, पण त्याच्यावरचा ताबा मागाहून येतो. अंग आहे आणि ताबा नाही, असा गडी पटात सापडला की भिंतीसारखा कोसळतो. म्हणून आधी पाय, मग कंबर, मग मान, आणि सर्वांत शेवटी ढाक, घिस्सा, कलाजंग. हा क्रम कोणा शास्त्रज्ञाने आखला नव्हता, पिढ्यान् पिढ्यांच्या मोडलेल्या हाडांनी आखला होता.

आता गंमत पाहा. याच शास्त्राचा शोध अमेरिकेतल्या एका कॉलेजात १९४२ साली नव्याने लागला. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंच उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा एक विद्यार्थी होता. त्या काळी तिकडेही अशी समजूत होती, की इतका उंच माणूस खेळाच्या कामाचा नाही; तो आपल्याच पायात अडखळणार. नोत्र दाम विद्यापीठाच्या शिक्षकांनी त्याला पाहून परत पाठविले होते. डीपॉलमध्ये त्याच साली रे मेयर नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण शिक्षक नेमला गेला. त्याने या पोराला बास्केटखाली उभे करून ठेवले नाही. त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, हवेत मुष्टियुद्ध करायला लावले, एवढेच नव्हे तर एका बुटक्या मुलीबरोबर नाच शिकायला धाडले, पावले हलकी व्हावीत म्हणून. मग बास्केटच्या एका बाजूने उजव्या हाताने आणि दुसऱ्या बाजूने डाव्या हाताने चेंडू टाकायचा, रोज शेकडो वेळा. या सरावाला आजही मायकनचेच नाव आहे आणि जगभर उंच मुलांना तो पहिल्यांदा शिकवितात. आमच्या वस्तादाने हे पाहिले असते तर म्हणाला असता, "नाच सोडला तर बाकी आपलंच आहे."

मायकन आणि त्याच्याच काळातला बॉब कर्लंड यांनी खेळाचे नियम बदलायला लावले. हे दोघे बास्केटच्या वर हात नेऊन खाली येणारा चेंडू अडवीत. १९४४ पासून तसे करण्यास कॉलेजांच्या खेळात बंदी झाली. पुढे धंदेवाईक खेळात मायकन बास्केटजवळच ठाण मांडतो म्हणून तिथली सहा फुटांची पट्टी १९५१ मध्ये बारा फुटांची केली. आम्ही कारखान्यात हेच पाहिले आहे. एखादा कारागीर ठरल्यापेक्षा अधिक नग काढू लागला की दर बदलतात! असो.

आपल्याकडे कॉलेज आणि तालीम यांची गाठ पडायला वेळ लागला. तसे ऑलिंपिकचे पहिले वारे पुण्यातच शिरले. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असलेल्या सर दोराबजी टाटांनी इथल्या मैदानावर अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले, आणि १९२० साली अँटवर्पला आपला संघ गेला. त्यात दोन मल्ल होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे. हलक्या वजनात शिंद्यांचा चौथा क्रमांक आला. पदक थोडक्यात हुकले, आणि पुढे बत्तीस वर्षे आले नाही.

ते आणले खाशाबा जाधवांनी, हेलसिंकीला, १९५२ साली. त्यांची कथा सर्वांना पाठ आहे, पण ती सांगताना आपण एक गोष्ट विसरतो. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पोर अंगाने लहान. तो बँटम वजनात, म्हणजे ५७ किलोत लढला. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात, जिथे १९१२ साली खासबागेचे प्रचंड मैदान उभे राहिले आणि जिथे लोक धिप्पाड गडी पाहायला दहा-दहा कोस चालत येत, तिथे असा गडी जोडीला उभा राहिला तर लोक हसले असते. कॉलेजात वजनाप्रमाणे जोड लागते, आणि त्यामुळे लहान अंगाच्या गुणालाही वाव मिळतो. १९४८ साली लंडनला ते सहावे आले, गादीवरच्या कुस्तीचा फारसा सराव नसताना. १९५२ साली जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आम्ही कामगार माणसे. घर गहाण टाकणे म्हणजे काय ते आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. परत आल्यावर कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि खाशाबांनी पुन्हा कुस्त्या करून मिळविलेल्या पैशातून ते घर सोडवून दिले.

मोठ्या अंगाच्या मल्लांचेही दिवस आले. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, त्यांच्या मागोमाग गणपतराव आंदळकर आणि १९६४ साली मारुती माने. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई खेळांत माने ९७ किलोत आणि आंदळकर त्याहून वरच्या वजनात उतरले, आणि दोघांनीही एकेक सुवर्ण व एकेक रौप्य आणले. लाल मातीत वाढलेली ही शरीरे गादीवरही चालतात याचा तो पुरावा होता. हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुल खेळांत सुवर्ण घेतले आणि १९७७ साली बेळगावात सतपालला चीत केले. बिराजदारमामा पुढे आमच्या पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखालून निघालेला राहुल आवारे २०१८ साली राष्ट्रकुल खेळांत सुवर्ण जिंकला तो ५७ किलोत. म्हणजे खाशाबांच्याच वजनात! मोठ्या अंगाच्या वस्तादाला लहान अंगाचा पोर घडविता येतो. आपल्यासारख्याच देहाचे साचे काढीत बसणारा वस्ताद नव्हे, असे आमचे मत आहे.

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येऊ. पुढे काय?

मल्लाला पोसणे महाग असते. दूध, तूप, बदाम, खसखशीची थंडाई, मटण; सामान्य शेतकऱ्याच्या घराला एक मल्ल म्हणजे एक बैलजोडी जास्त. संस्थाने होती तोवर हा खर्च राजे करीत. संस्थाने गेली, आणि पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन ते काम काही अंशी उचलले. कोणाला पोलीस खात्यात, कोणाला रेल्वेत नोकरी मिळाली. पण हे सारे अंग चालते तोवर. गुडघा गेला, खांदा निखळला, की खुराक बंद आणि भूक मात्र तेवढीच. अशी माणसे आम्ही जवळून पाहिली आहेत, आणि दुर्दैवाने गेटच्या पलीकडच्या बाजूने पाहिली आहेत. तीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात संप चालू असताना मालकाने फाटकावर आठ-दहा पैलवान आणून उभे केले. आम्ही तेव्हा विशी-पंचविशीत. भीती वाटली हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक जण हळूच आमच्याकडे चहा प्यायला आला. कुस्ती सुटून चार वर्षे झाली होती, घरची दोन एकर कोरडवाहू, आणि रोजाने मिळणारे हे एकच काम. "तुमच्या अंगाला हात लावणार नाही," तो म्हणाला, "नुसतं दिसण्याचे पैसे मिळतात." ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही. उंच पोराला बास्केटखाली उभे करणाऱ्या कॉलेजनेही त्याच्याकडून दिसण्याचेच काम घेतले होते.

खाशाबांना १९५५ साली पोलिसांत नोकरी मिळाली, सत्तावीस वर्षे त्यांनी ती केली, आणि शेवटी पेन्शनसाठी झगडावे लागले. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार २००० साली मिळाला, मरणोत्तर.

आणि तो चष्मेवाला मायकन? पाच वेळा मिनियापोलिसला अजिंक्यपद मिळवून देणारा हा माणूस म्हातारपणी मधुमेहाने पाय गमावून बसला, औषधपाण्यात पैसा गेला, आणि पेन्शन तुटपुंजे. याचे कारण समजण्यासारखे आहे. तिकडच्या व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडूंची युनियन १९५४ साली बॉब कूझीने उभारली. पहिली काही वर्षे मालकांनी तिला दारात उभे केले नाही. मग १९६४ च्या जानेवारीत बॉस्टनमध्ये निवडक खेळाडूंचा मोठा सामना होता, दूरचित्रवाणीवर दिसायचा होता. प्रेक्षक जमले, आणि खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीचे दार लावून आत बसले. पेन्शनचे वचन द्या, नाहीतर खेळत नाही. वचन मिळाले, मग सामना झाला. संप कसा आणि केव्हा करावा याचा याहून नेटका धडा आम्ही कुठे वाचलेला नाही. परंतु ती योजना १९६५ पासूनच्या खेळाडूंसाठी होती. त्याआधी निवृत्त झालेले मायकनसारखे लोक तिच्या भरघोस लाभाबाहेर राहिले, आणि २००५ साली मरेपर्यंत तो आपल्या जुन्या सोबत्यांसाठी भांडत राहिला. युनियनच्या करारात जुन्या माणसांचे कलम राहून जाते, हा दोष आमच्याही हातून झाला आहे.

कॉलेजच्या खेळाडूंचे तर त्याहून वेगळे. अमेरिकेत त्यांच्या खेळावर कोट्यवधी डॉलर उभे राहत, पण खेळाडू हा विद्यार्थी, त्याला मजुरी कसली, असे म्हणत. २०२१ पासून हे बंधन सैल झाले. डार्टमथ नावाच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये युनियनसाठी मतदान केले, तेरा विरुद्ध दोन. कॉलेजने त्यांच्याशी वाटाघाट केली नाही आणि वर्षअखेरीस तो अर्ज मागे घ्यावा लागला. त्या मुलांतले काही जण कॉलेजच्या भोजनालयातही काम करीत आणि तिथल्या युनियनमध्ये होते. ताटे धुताना कामगार, चेंडू टाकताना विद्यार्थी!

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही त्या बापाला बोलावून घेतले. पुढे काय होईल ते आम्हाला सांगता येत नाही, पण आज काय करायचे ते ठाऊक असलेला माणूस आम्हाला माहीत आहे, असे म्हणालो, आणि पोराला घेऊन एका जुन्या वस्तादाकडे गेलो. वस्ताद सत्तरीचे. त्यांनी बास्केटबॉल आयुष्यात पाहिला नव्हता. पोराला उभे केले, गुडघा चाचपला, दहा बैठका काढायला लावल्या आणि पाचव्यालाच थांबविले. "सहा महिने चेंडूला हात लावू नको. मातीत ये. दोरीवर उड्या मार. फावडं मार." कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाची समजूत घालायला आम्हाला दोन वेळा जावे लागले, माणूस वाईट नव्हता, त्याला स्वतःलाच कोणी शिकविले नव्हते.

कराराचा कागद मात्र आम्ही मागितला. गुडघ्याच्या औषधाचा खर्च कॉलेज देणार, आणि खेळ सुटला तरी फीची सवलत चालू राहणार, असे लेखी घ्या, असे बापाला सांगितले. तो घाबरला होता. अर्ज आम्हीच लिहून दिला. फीचे मान्य झाले, औषधाचे अजून व्हायचे आहे.

पोर आता पहाटे पाचला तालमीत जातो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, दोरीवरच्या उड्या एका दमात तीनशे होतात. बापाचा रजेचा मूळ अर्ज आमच्या खणात तसाच राहून गेला आहे. तो उद्या सकाळी पाठवायचा आहे.