उमेदवारीचीं वर्षें

शिक्षण पुरें झालें, आतां पुढें काय, हा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. दोनशें वर्षांपूर्वीं तो फारसा कोणास पडत नसे. लोहाराचा मुलगा भात्याजवळ वाढे, सुताराचा मुलगा वाकस हातीं धरूनच मोठा होई. घर हीच शाळा व बाप हाच गुरु. त्या व्यवस्थेंत काम मिळेल कीं नाहीं ही चिंता थोडी होती. परंतु दुसरें काम निवडण्याची मोकळीकही नव्हती.

ज्यांस बापाचा आधार नव्हता, अशांसाठीं कंपनी सरकारनें १८५० सालीं एक कायदा केला. दहा ते अठरा वर्षांच्या, विशेषतः अनाथ व गरीब, मुलांस एखाद्या कारागिराकडे जास्तींत जास्त सात वर्षें करारानें बांधून देण्याची सोय त्यांत होती. मुलगा धन्याशीं बांधला जाई. पण धनीही त्यास धंदा शिकविण्यास बांधला जाई. पुढें १८५४ सालीं सरकारी बांधकामांस लागणारीं माणसें तयार करण्यासाठीं पुण्यांत एक शाळा निघाली. आजचें सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ हा तिचाच विस्तार होय. तेव्हांपासून विद्या घराबाहेर गेली, आणि शाळा व कारखाना यांच्यामध्यें अंतर पडूं लागलें.

हें अंतर कारखानदारासही जाणवे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें पूर्वीं शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर कारखाना उभारला. तेथें तयार कारागीर कोठून मिळणार? खेड्यांतील माणसांस हाताशीं धरून शिकविणें भागच होतें.

पिंपरींत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. मुंबई-पुणें रस्त्यालगतच्या या गांवीं १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना होऊन पेनिसिलीनच्या कारखान्याचा पाया घातला गेला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि आसपासच्या शेतजमिनींवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहूं लागल्या. टेल्को कंपनीनें येथें १९६६ च्या सुमारास काम आरंभिलें; पण पुण्याच्या या कारखान्यांतून पहिलें मालवाहू वाहन बाहेर पडलें तें १९७७ सालीं. मधलीं वर्षें वायां गेलीं नाहींत. सुमंत मूळगांवकर यांचा कटाक्ष असा कीं, आधीं हत्यारें घडवावीं, माणसें शिकवावीं, मग गाडी करावी.

याच काळांत, १९६१ सालीं, शिकाऊ उमेदवारांचा नवा कायदा झाला व १ मार्च १९६२ पासून तो अंमलांत आला. फिटर, टर्नर, वीजतंत्री असें शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत घेतलेल्या मुलास कारखान्यांत प्रत्यक्ष काम शिकतां यावें, त्यास विद्यावेतन मिळावें व अखेरीस परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवितां यावें, अशी ही योजना. १९७३ सालीं पदवी व पदविकाधारकांसही तिच्यांत स्थान मिळालें.

मात्र कायद्यानें दोन गोष्टी स्पष्ट केल्या. उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. आणि मुदत संपल्यावर त्यास नोकरी देण्याचें बंधन मालकावर नाहीं, तसेंच ती पत्करण्याचें बंधन उमेदवारावरही नाहीं. जुना पाश सुटला खरा. पण त्याबरोबर जुनें आश्वासनही सुटलें. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें सांगितलें कीं, इतर गोष्टी समान असतील तर बाहेरच्या उमेदवारापेक्षां शिकून तयार झालेल्यास अग्रक्रम द्यावा. २०१४ च्या दुरुस्तीनें प्रत्येक मालकानें याबाबत स्वतःचें धोरण ठरवावें असें म्हटलें. धोरण हवें, हें कायदा सांगतो. पण तें कसें असावें, हें तो सांगत नाहीं.

या इतिहासांतून एक गोष्ट दिसते. कुशल माणूस बाजारांत मिळेनासा झाला, कीं कारखानदार आपण होऊन गुरु होतो. तो मुबलक मिळूं लागला, कीं उमेदवार म्हणजे स्वस्तांतला हात असें समजण्याचा मोह पडतो. पिंपरी, चिंचवड व चाकण या पट्ट्यांत दरवर्षीं नवी तरुण मंडळी कारखान्याच्या दारांतून आंत जातात. त्यांस तेथें यंत्राची विद्या मिळते कीं केवळ यंत्रापुढचें राबणें मिळतें, यावरच त्यांच्या पुढील तीस-चाळीस वर्षांचें भवितव्य ठरतें. मराठींत या काळास उमेदवारी म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटांत उमेद आहे. ती टिकविण्याचें काम एकट्या कायद्याच्या हातून होणारें नाहीं. उमेदवाराशेजारीं उभा राहून त्याचा हात वळविणारा जाणता कारागीर तेथें असावा लागतो.