बीजगणिताची चिन्हे आणि देवनागरीचे पान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

गणिताला स्वतःची चिन्हभाषा आहे. परंतु ती चिन्हे मातृभाषेच्या मजकुरासोबत एकाच पानावर छापणे किंवा टाइप करणे हे काम कधीच सोपे नव्हते. गणिताची प्रश्नपत्रिका किंवा टिपणे स्वतः तयार करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला याचा अनुभव आहे. प्रस्तुत लेखात हस्तलिखितापासून वर्ड प्रोसेसरपर्यंतच्या प्रवासाचा आढावा घेतला असून, मध्य प्रदेशातील रामाकोना परिसरासारख्या मराठी-हिंदी सीमाभागाच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

चिन्हांचा उगम

नवव्या शतकात अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला, तेव्हा समीकरणे पूर्णपणे शब्दांत मांडलेली होती. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अव्यक्त राशींसाठी यावत्तावत्, कालक, नीलक या शब्दांची आद्याक्षरे 'या, का, नी' अशी वापरली आणि ऋण संख्येवर टिंब दिले. पंधराव्या शतकात अल-कलसादी यांच्या लेखनातही अरबी शब्दांची आद्याक्षरे चिन्हांसारखी आलेली दिसतात. अधिक-उण्याची आजची चिन्हे १४८९ मध्ये जर्मनीत छापली गेली, तर बरोबरचे चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड यांनी योजले.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा फैजी यांनी १५८७ मध्ये फारसी अनुवाद केला. गणित मुख्यतः शब्दांत असल्यामुळे भाषेबरोबर लिपीही बदलता आली. एकोणिसाव्या शतकात युरोपीय पाठ्यपुस्तकांवरून मराठी पुस्तके तयार होऊ लागली, तेव्हा मात्र परकी चिन्हे देवनागरी मजकुरात बसवावी लागली.

शिळाछाप, खिळे आणि टंकलेखन यंत्र

मुंबई इलाख्यात १८२० च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने गणिताची मराठी पुस्तके तयार झाली. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापाची सोय अशी की, जे हाताने लिहिता येते ते सर्व छापता येते. उर्दूची नस्तालीक लिपीही याच कारणाने दीर्घकाळ शिळाछापावर राहिली. खिळ्यांच्या छपाईत मात्र प्रत्येक घातांक लहान खिळ्याने वर बसवावा लागे, अपूर्णांकाची रेघ वेगळी लावावी लागे. त्यामुळे गणिताची जुळणी वेळखाऊ व खर्चिक ठरली.

देवनागरी टंकलेखन यंत्रावर जोडाक्षरे व मात्रा यांनीच बहुतेक कळा व्यापल्या. वर्गमूळ, घातांक, कंस यांच्यासाठी जागा मोकळी सोडून ती चिन्हे नंतर हाताने भरली जात. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर ती टोकदार लेखणीने कोरावी लागत.

संगणकाचे आगमन

१९७८ मध्ये डोनाल्ड नुथ यांनी गणिती छपाईसाठी 'टेक' ही प्रणाली मांडली. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्टहॉईस यांनी तिच्यासाठी देवनागरी अक्षरे तयार केली. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि भारतीय भाषांच्या संगणकीय वापराला वेग आला. तरीही शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांत रुळले ते साधे फॉन्ट. महाराष्ट्रात श्री-लिपी, तर मध्य प्रदेशात कृतिदेव यांचा प्रसार झाला.

कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये संगणक इंग्रजी अक्षरच साठवतो; केवळ त्याचे रूप देवनागरी दिसते. इंग्रजी 'एक्स'च्या जागी 'ग' उमटतो, 'वाय'च्या जागी 'ल', अधिकच्या चिन्हाऐवजी नुक्ता आणि बरोबरच्या चिन्हाऐवजी 'त्र'. परिणामी 'एक्स + वाय =' असे टाइप केले तर कागदावर 'ग़लत्र' उमटते! म्हणून प्रत्येक समीकरणापाशी फॉन्ट बदलणे भाग पडे. मोठ्या समीकरणांसाठी वर्डमधील 'इक्वेशन एडिटर' वापरला जाई.

युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून आहे. त्यात 'ग' हा 'ग'च असतो आणि अधिकचे चिन्ह अधिकचेच राहते. वर्ड २००७ मध्ये समीकरणे लिहिण्याची नवी सोय आली. 'ऑल्ट' आणि बरोबरची कळ एकत्र दाबली की समीकरणाची चौकट उघडते. तिथे घातांक व अपूर्णांक सरळ ओळीत टाइप केले तरी योग्य रूप घेतात. जुना इक्वेशन एडिटर सुरक्षेतील त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकला. त्यामुळे त्यात लिहिलेली जुनी समीकरणे दिसतात, पण वर्डमध्ये थेट दुरुस्त करता येत नाहीत.

रामाकोना परिसराचा संदर्भ

रामाकोना हे छिंदवाडा-नागपूर लोहमार्गावरील गाव. १९५६ पर्यंत छिंदवाड्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून चाले. पुढे हा भाग मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. येथे घरातली भाषा मराठी, तर शिक्षण बहुतांशी हिंदीतून. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या गणितात पूर्वी १, २, ३ असे देवनागरी अंक असत. हिंदी माध्यमात मात्र आंतरराष्ट्रीय अंक रूढ आहेत. लिपी एकच असूनही सीमेच्या दोन बाजूंच्या जुन्या साहित्यात अंक वेगळे आणि फॉन्टही वेगळे. सौंसर किंवा पांढुर्ण्यातील शिक्षकाला सावनेर-काटोलच्या सहकाऱ्याची प्रश्नपेढी मिळाली, तरी तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसल्यास ती वाचता येत नाही.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत. पण त्यांना नुसता मजकूर दिला, तर मराठी कुठे संपते आणि समीकरण कुठे सुरू होते हे कळत नाही. अशा वेळी 'एक्स'चा 'ग' होतो. म्हणून समीकरणे आधी बाजूला काढावीत, मजकूर बदलून घ्यावा, समीकरणे नव्या पद्धतीने पुन्हा टाइप करावीत आणि शेवटी छापील प्रतीशी ताडून पाहावीत.

समारोप

या आढाव्यातून असे दिसते की, अडचण देवनागरी लिपीची नव्हती. त्या त्या काळातील साधनांची होती. भास्कराचार्यांची 'या, का, नी' ही चिन्हे याच लिपीत लिहिली गेली आहेत. आज मातृभाषेचा मजकूर आणि गणिताची चिन्हे एकाच पानावर, एकाच फाइलमध्ये नांदू शकतात. मात्र गेल्या दोन-तीन दशकांत शिक्षकांनी कष्टाने तयार केलेल्या प्रश्नपेढ्या व टिपणे जुन्या फॉन्टमध्येच अडकून पडली आहेत. ती तयार करणारे शिक्षक निवृत्त होण्यापूर्वी त्यांच्याच नजरेखाली हे रूपांतर झाले, तर चुका टळतील. महाविद्यालयांनी विभागवार हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.